तुसाची गादी काढण्याआधी

प्रश्न : आम्ही राजापूर तालुक्यात राहतो. घराशेजारच्या शेडमध्ये भाताच्या तुसाची गादी घालून मी गेल्या जूनमध्ये वनराज आणि ग्रामप्रिया या जातींची १२० पिल्ले आणली. पिल्ले दोन महिन्यांची होतात न होतात तोच पावसाने तूस ओले झाले, रक्ती हगवण आली आणि पंधरा दिवसांत ३८ पक्षी गेले. उरलेल्या ८२ आता अंडी देत आहेत. घाटावरचा एक व्यापारी जुने तीन मजली पिंजरे स्वस्तात द्यायला तयार आहे. त्याच्या पिंजऱ्यात पंधरा इंच रुंद आणि अठरा इंच खोल अशा एका कप्प्यात चार कोंबड्या बसतात. ‘तूसच नाही, मग रोग कुठून येणार?’ असे तो म्हणतो. माझे दीर मात्र बांबूच्या पट्ट्यांचे मचाण बांधू या म्हणतात. यांतले काय करावे? नवी पिल्लेही जाळीवरच वाढवता येतील का?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार. आपले पत्र होळीनंतर लगेच हाती आले, ही चांगली गोष्ट झाली. मृग लागायला अजून सुमारे अडीच महिने आहेत आणि जे काही बांधायचे ते कोरड्या दिवसांतच बांधले पाहिजे. माझे मत आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. पिंजरे घेऊ नका. दिरांचे म्हणणे बरोबर आहे, फक्त त्या मचाणाला एक कोरडी पडवी जोडून घ्या.

व्यापाऱ्याच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे आणि ते नीट समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होईल. रक्ती हगवणीचे जंतू आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून बीजांडांच्या रूपात बाहेर पडतात, पण बाहेर पडताक्षणी ते रोग देऊ शकत नाहीत. ओल, ऊब आणि हवा या तीन गोष्टी मिळाल्या की साधारण एक ते दोन दिवसांत ते पिकतात, आणि त्यानंतर दुसऱ्या पक्ष्याच्या पोटात गेले तर आतड्याच्या आवरणात वाढून रक्तस्राव घडवतात. श्रावणातल्या ओल्या तुसात या तिन्ही गोष्टी आयत्या मिळतात आणि पिल्ले दिवसभर त्याच तुसात चोच मारत असतात. विष्ठा जाळीतून किंवा पट्ट्यांच्या फटींतून खाली पडली आणि पक्ष्याची चोच तिथवर पोहोचली नाही, तर हे चक्र तुटते. जंतांच्या बाबतीतही बरेचसे असेच घडते. एवढ्यापुरते व्यापाऱ्याचे म्हणणे खरे आहे. मानमोडी, गंबोरो, देवी हे रोग मात्र हवेतून, पाण्यातून, माणसाच्या पायांतून किंवा डासांमधून येतात. त्यांना खाली तूस आहे की तार, याने काही फरक पडत नाही, म्हणून लसीकरणाचे वेळापत्रक जसेच्या तसे पाळावे लागते.

आता उरलेले अर्धे सत्य. तूस कोंबडीच्या पायाखाली नुसते पडून राहत नाही, ते कामे करत असते. ते विष्ठेतली ओल शोषते. ते खालून ऊब देते. त्यात वाढणाऱ्या जिवाणूंमुळे ब-१२ आणि के ही जीवनसत्त्वे तयार होतात आणि तूस उकरून खाणाऱ्या कोंबडीला ती फुकट मिळतात. चौथे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोंबडीला पायाने उकरायला आणि मातीत लोळायला जागा लागते, ती तुसाची गादी देते. गादी काढली की ही चारही कामे आपल्या अंगावर येतात. ज्याने गादी काढली पण ही कामे उचलली नाहीत, त्याच्या शेडमधून रक्ती हगवण जाते आणि काही महिन्यांनी पाय लुळे पडणे, पिसे उपटणे, उवा-गोचिडी आणि माश्या येतात.

पिंजऱ्यात ही कामे करायला जागाच नसते. आपण दिलेल्या मापाचा हिशेब मांडून पाहा. त्या कप्प्याचे क्षेत्रफळ सुमारे १,७४० चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे एका कोंबडीच्या वाट्याला ४३५ चौरस सेंटिमीटर येतात. झेरॉक्सचा साधा ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. त्या कागदाएवढीही जागा नसताना आपली वनराज कोंबडी, जी मांस आणि अंडी अशा दुहेरी उपयोगासाठी तयार केलेली आणि म्हणून अंगाने भारी आहे, ती वर्षभर तारेवर उभी राहणार. अशा पिंजऱ्यांसाठी हलक्या अंगाचे पांढरे लेगहॉर्न पक्षी निवडले गेले. भारी पक्ष्यांच्या तळपायांना तारेने जखमा होतात, छातीला फोड येतात, आणि गावरान रक्ताचे पक्षी बुजून आपटले की पंख मोडून घेतात.

अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. खाद्यातून ते कमी पडले की कोंबडी आपल्या हाडांतून काढून देते, आणि जिला चालायला-उडायला मिळत नाही तिची हाडे आधीच ठिसूळ झालेली असतात. एके दिवशी ती कप्प्यात आडवी पडते आणि उठत नाही. अशी कोंबडी वेळेवर जमिनीवर सोडली आणि पाणी व शिंपल्यांचा चुरा तिच्या चोचीजवळ ठेवला, तर काही वेळा ती काही दिवसांत उठून चालू लागते. मी हे स्वतः पाहिले आहे आणि ते पाहिल्यापासून छोट्या पालकाला पिंजरा सुचवणे मी सोडून दिले आहे.

युरोपीय संघाने अशा साध्या पिंजऱ्यांवर १ जानेवारी २०१२ पासून बंदी घातली. स्वित्झर्लंडने ते त्याआधी वीस वर्षे केले होते. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये, हालचालीला वाजवी वाव नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हा अपराध मानला आहे आणि विधी आयोगाने २०१७ च्या २६९ व्या अहवालात अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न हाती घेतला होता. हजारो पक्ष्यांच्या व्यवसायाचा हिशेब वेगळा असतो, त्यात मी इथे शिरत नाही. आपल्यासारख्या शंभर पक्ष्यांच्या, परसात मोकळी जागा असलेल्या घराला त्या वाटेने जाण्याचे काही कारणच नाही. शिवाय आपली अंडी गावरान म्हणून विकली जात असतील, तर घेणाऱ्याने दारात येऊन पाहिले तरी आपल्याला संकोच वाटू नये अशी व्यवस्था असावी.

आता मचाणाकडे येऊ. शंभर पक्ष्यांसाठी दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब तळ पुरेल, म्हणजे प्रत्येकीला दोन चौरस फूट जागा मिळेल. तळ जमिनीपासून किमान तीन-साडेतीन फूट उंच ठेवा. कमी उंची ठेवली की खाली वाकून विष्ठा ओढणे जिवावर येते, मग ते काम लांबणीवर पडते आणि तिथूनच बिघाड सुरू होतो. खांब जांभ्या चिऱ्याचे घ्या, कारण लाकडी खांबाला वाळवी लागल्याशिवाय राहत नाही. शेडची लांबी पूर्व-पश्चिम असावी. पावसाचा मारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून दक्षिण आणि पश्चिम अंगाचे छप्पर भिंतीबाहेर चार फूट तरी काढा.

तळासाठी माणग्याचा बांबू उत्तम. तो जून झालेला असावा, आणि तोडल्यावर काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून, मग सावलीत वाळवून वापरला तर त्याला किडा कमी लागतो. पट्ट्या सव्वा ते दीड इंच रुंद चिरा, पाठीची गोल बाजू वर ठेवा आणि पेरांवरचे उंचवटे कोयत्याने साफ तासून घ्या, कारण तळपायाची जखम बहुधा तिथूनच सुरू होते. दोन पट्ट्यांमध्ये पाऊण ते एक इंच फट असावी. याहून कमी ठेवली तर विष्ठा अडकते आणि जास्त ठेवली तर पाय अडकतो. पोफळीच्या पट्ट्याही चालतात. जाळीच घ्यायची असेल, तर एक इंची चौकोनाची, जाड तारेची जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्त चढवलेली आणि सांधे वितळवून जोडलेली जाळी, घ्या आणि दर दीड-दोन फुटांवर खालून आधार द्या. षटकोनी घरांची पातळ कोंबडी-जाळी भिंतीला ठीक आहे, तळाला तिचा उपयोग करू नका, ती झोळीसारखी लोंबते आणि बोटे कापते. बांबूचा तळ एकसंध न बांधता चार-चार फुटांच्या सुट्या चौकटींमध्ये करा. या चौकटी उचलून घासता येतात आणि कडक उन्हात टाकता येतात. हे महत्त्वाचे का, तर रक्ती हगवणीची बीजांडे फिनेल किंवा ब्लीचिंग पावडरने मरत नाहीत. त्यांना उकळते पाणी, आगीची झळ आणि पूर्ण सुकणे हेच मारते. आता चैत्र-वैशाखाचे ऊन आपल्या हाताशी आहे. सध्याच्या शेडमधले जुने तूस काढून, जमीन खरवडून, उकळते पाणी ओतून ती उन्हात तापू द्या.

मचाणाखालची जागा चारी बाजूंनी जाळीने बंद करायला विसरू नका. कोंबड्या खाली उतरून विष्ठा चिवडू लागल्या तर एवढा खटाटोप वाया गेला. दुसरे कारण मुंगूस, घूस आणि रानमांजर. बाजू उघड्या राहिल्या तर ती खालून येऊन फटींतून पायाचे लचके तोडतात. खालची जमीन चोपून उताराची करा आणि भोवती मातीचा बांध घाला. पावसाचे पाणी त्या विष्ठेत एकदा शिरले की जो वास सुटतो तो अमोनियाचा असतो. माणसाच्या नाकाला आणि डोळ्यांना तो झोंबू लागला, म्हणजे कोंबड्यांच्या श्वासनलिकेला तो कधीचाच बाधू लागला आहे असे समजावे.

विष्ठेचा अंदाज आधीच घेऊन ठेवा. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर ओली विष्ठा टाकते आणि त्यात तीन-चतुर्थांश पाणी असते. शंभर पक्ष्यांची रोज दहा-बारा किलो झाली. पावसाळी उबेत घरमाशीची अंड्यापासून माशीपर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होते, म्हणून आठवड्याच्या आत एकदा तरी खालचे ओढून काढणे भाग आहे. ते खड्ड्यात टाकताना पातेऱ्याचे, म्हणजे वाळलेल्या पानांचे, थर देत चला, काही महिन्यांत माडा-पोफळींना घालण्याजोगे खत होईल. ताजी विष्ठा बुंध्याशी घालू नका, मुळे जळतात. ओल्या विष्ठेवर चुना मारण्याची पद्धत सर्रास दिसते, पण चुन्याने अमोनिया अधिकच सुटतो. त्याऐवजी सुका पातेरा किंवा तूसच भुरभुरावे.

आता पडवीविषयी, कारण माझ्या मते सगळी व्यवस्था तिच्यावर उभी आहे. मचाणाच्या कोरड्या अंगाला, म्हणजे उत्तरेला किंवा पूर्वेला, पाच फूट रुंद आणि वीस फूट लांब अशी छप्पर असलेली पडवी काढा. तिच्यात तूस, सुका पातेरा आणि एका कोपऱ्यात चुलीची राख मिसळलेली कोरडी माती ठेवा. आपण म्हणाल, तूस नको म्हणून तर हा खटाटोप, मग पुन्हा तूसच का? शेडमधले तूस छप्पर गळल्याने भिजते, हे खरे, पण छप्पर न गळणाऱ्या शेडमध्येही ते भिजतेच, आणि त्याला दोन गोष्टी कारण असतात. एक म्हणजे पाण्याची भांडी आणि दुसरी म्हणजे रात्रभर एकाच जागी पडणारी विष्ठा. पाण्याची भांडी, खाद्याची भांडी आणि रात्री बसायच्या दांड्या या तिन्ही गोष्टी मचाणावर ठेवल्या की सांडलेले पाणी आणि रात्रीची विष्ठा फटींतून खाली जाते, आणि पडवीतले थोडेसे तूस महिनोन्‌महिने कोरडे राहते. पडवीत पाण्याचे भांडे कधीही ठेवू नका, एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मुठीत तूस घेऊन आवळून पाहा. मूठ उघडल्यावर ते विखुरले तर ठीक, त्याचा लाडू झाला तर ते त्याच दिवशी काढून टाका.

या पडवीमुळे झडीच्या आठ-आठ दिवसांत, जेव्हा पक्षी बाहेर सोडता येत नाहीत, तेव्हाही त्यांना उकरायला आणि लोळायला जागा राहते. मातीत लोळणे हे कोंबडीचे अंग साफ करणे आहे. ते बंद झाले की पिसांत उवा होतात, आणि बांबूच्या सांध्यांत दिवसा लपून रात्री रक्त पिणाऱ्या बारीक तांबड्या गोचिडी वाढतात. रात्री कंदील घेऊन दांड्यांच्या खालच्या बाजूवर बोट फिरवून पाहत जा. बोटाला रक्ताचा डाग लागला, तर त्या चौकटी आणि दांड्या लगेच उकळत्या पाण्याने धुवाव्या लागतील. दांडी प्रत्येक कोंबडीला आठ इंच मिळेल अशी लावा. अंडी घालण्याची खोकी पाच कोंबड्यांना एक या हिशेबाने वीस करा आणि त्यांत पेंढा घाला. पेंढा नसेल तर अंडी तडकतात, तडकलेले अंडे कोंबडी चाखते, आणि एकदा का अंडी फोडून खाण्याची खोड लागली की ती सुटता सुटत नाही.

खाद्याबाबत दोनच गोष्टी. कंपनीचे पुरे खाद्य देत असाल तर जीवनसत्त्वांची चिंता नाही. पण कोंडा, कणी, नाचणी असे घरचे मिश्रण देत असाल तर त्यात खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण घालणे आवश्यक आहे. सुकट कुटून दिली तर ब-१२ चांगले मिळते, मात्र ती बिनमिठाची हवी. खारवलेल्या मासळीने कोंबड्या पाणी जास्त पितात आणि विष्ठा पातळ होते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात सतत ठेवा, आपल्या किनाऱ्यावर त्याला तोटा नाही. त्याच्याशेजारी बारीक खडीचेही भांडे असू द्या. शिंपला पोटात विरघळतो आणि कवचाला जातो, खडी विरघळत नाही आणि दाणे दळण्याच्या कामी येते. दोन्ही हवीत.

शेवटचा प्रश्न पिल्लांचा आणि इथे मी आपल्याला सावध करू इच्छितो. पिल्ले पहिल्या दिवसापासून जाळीवर वाढवता येतात. त्यांना अर्ध्या इंची चौकोनाची जाळी लागते, पहिला आठवडा तिच्यावर कागद अंथरावा लागतो, आणि खालून गार वारा लागू नये म्हणून चारी बाजूंनी गोणपाट सोडावे लागते. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे असते आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करत जायचे असते. अशी जाळीवरची पिल्ले सुरुवातीला अगदी निरोगी दिसतात. पण रक्ती हगवणीविरुद्धची ताकद पिल्लाला तेव्हाच येते, जेव्हा लहानपणी थोडी थोडी बीजांडे त्याच्या पोटात जातात. जाळीवर वाढलेल्या पिल्लाला ती कधीच भेटलेली नसतात. त्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, दोन-अडीच महिन्यांच्या झाल्यावर ऐन पावसात ओल्या परसात सोडल्या, तर गेल्या वर्षीपेक्षा मोठी मर होण्याची भीती आहे. म्हणून परसात फिरवायच्या कोंबड्यांची पिल्ले कोरड्या दिवसांत, कोरड्या तुसावरच वाढवावीत, असे माझे ठाम मत आहे. कोरड्या तुसात बीजांडे असतात पण फार पिकत नाहीत, त्यामुळे पिल्लू आजारी न पडता तयार होते.

यंदा पिल्ले घ्यायचीच असतील तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणा, म्हणजे मृग लागेपर्यंत ती नऊ आठवड्यांची होतील आणि मचाणावर चढवता येतील. पट्ट्यांची एक इंची फट त्याआधी त्यांच्या पायांना सोसत नाही. एप्रिलचा पहिला आठवडा हुकला, तर घाई न करता दसऱ्यापर्यंत थांबावे. नव्या तलंगा पावसाळ्यात पंख पाडून गोळा होऊन बसलेल्या दिसल्या किंवा विष्ठेत रक्ताचा अंश दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ताजी मेलेली एक कोंबडी घेऊन जा. अँप्रोलियम हे औषध पाण्यातून देतात, पण त्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, आणि औषध चालू असताना अंडी विकायची की नाही हेही त्यांनाच विचारा.

आपल्या ८२ कोंबड्यांना मात्र या रोगाची ताकद बहुतेक आलेली असणार. त्यांना मेअखेरीस मचाणावर हलवा आणि पहिले चार दिवस दार बंद ठेवून, संध्याकाळी अंधार पडताना हाताने उचलून एकेकीला दांडीवर बसवा. पाचव्या दिवसापासून त्या आपण होऊन चढू लागतील. शिडीला आडव्या पट्ट्या ठोकायला दिरांना सांगा, पावसात गुळगुळीत फळीवरून कोंबडी घसरते.